शेवटी उरलेली मुलगी : स्लॅशर चित्रपटांचा एक इतिहास

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा थोडी कुजबुज झाली, असं आमच्या कानावर आलं. इतिहासाच्या व्याख्यानमालेत चाकूसुऱ्यांचे चित्रपट कशाला, असा एकंदर सूर होता. शंका रास्त आहे. पण ज्या चित्रपटांना समीक्षकांनी वर्षानुवर्षं शिव्या घातल्या, ज्यांच्यावर एका देशात छापे पडले, आणि तरीही जे पासष्ट वर्षं रांगेनं येतच राहिले, त्यांच्यात त्या त्या काळाचं काहीतरी साठलेलं असतं. ते आज आपण उकरून पाहू. आम्ही या चित्रपटांचे जुने चाहते आहोत हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे आमच्या मतांना किती वजन द्यायचं ते तुम्हांला ठरवता येईल.

स्लॅशर म्हणजे काय, ते आधी स्पष्ट करू. भुताचा चित्रपट म्हणजे स्लॅशर नव्हे. यात मारणारा बहुतेक वेळा हाडामांसाचा माणूस असतो, चेहरा झाकलेला असतो, हातात धारदार काहीतरी असतं. बंदूक जवळजवळ कधीच नसते, कारण बंदूक लांबून चालते आणि इथे सगळा खेळ जवळ येण्याचा आहे. मरणारी मंडळी तरुण असतात, एकेक करून मरतात, आणि शेवटी एक मुलगी उरते. ही शेवटी उरलेली मुलगीच आजच्या बोलण्याचा खरा विषय आहे. ती कुठून आली, आणि तिच्यावरून एवढं भांडण का झालं?

सुरुवात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या प्लेनफील्ड नावाच्या खेड्यापासून करावी लागते. नोव्हेंबर १९५७ मध्ये तिथे एड गीन नावाच्या माणसाला अटक झाली. त्यानं दोन स्त्रियांचा खून केला होता, कबरी उकरल्या होत्या, आणि मेलेल्या आईच्या आठवणीत तो पार बुडालेला होता. गावकऱ्यांच्या लेखी तो थोडा विचित्र पण निरुपद्रवी शेजारी होता. रॉबर्ट ब्लॉक नावाचा लेखक त्या वेळी जवळच्याच एका गावात राहत होता. शेजारच्या घरात असं काही चालू शकतं आणि कुणाला पत्ता लागत नाही, एवढी एक कल्पना त्यानं उचलली आणि १९५९ मध्ये 'सायको' ही कादंबरी लिहिली.

आल्फ्रेड हिचकॉकनं तिचे हक्क साधारण नऊ हजार डॉलरला घेतले, तेही स्वतःचं नाव पुढे न करता. पॅरामाउंट कंपनीला हा विषय गलिच्छ वाटला. मग हिचकॉकनं पैसे स्वतः घातले, नेहमीचं मानधन सोडून चित्रपटाच्या मालकीत मोठा वाटा घेतला, आणि आपल्या दूरचित्रवाणी मालिकेच्या कामगार-तंत्रज्ञांना घेऊन कृष्णधवल चित्रपट सुमारे आठ लाख डॉलरमध्ये उरकला. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. स्लॅशरचा जन्म काटकसरीतून झाला आहे, आणि पुढेही दर वेळी ही जात स्वस्तातूनच पुन्हा उगवली आहे.

न्हाणीघरातला तो प्रसंग तुम्ही पाहिला नसला तरी ऐकून माहीत असेल. पडद्यावर तो जेमतेम पाऊण मिनिटाचा आहे, पण त्याच्या चित्रीकरणाला सात दिवस लागले. रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलं. सुरा अंगात शिरल्याचा आवाज हा खरबुजात सुरा खुपसून काढलेला आहे. बर्नार्ड हर्मननं फक्त तंतुवाद्यांवर संगीत रचलं. खरं तर हिचकॉकला तिथे संगीत नकोच होतं. हर्मननं ते तरीही केलं, ऐकवलं, आणि हिचकॉकनं निमूटपणे मत बदललं. प्रेक्षकांना खरा धक्का बसला तो निराळ्याच गोष्टीचा. जॅनेट ली ही मोठी नटी, पोस्टरवर तिचंच चित्र, आणि ती अर्ध्या चित्रपटाआधीच मरते! त्या काळी अमेरिकेत लोक चित्रपट सुरू झाल्यावर केव्हाही आत शिरत. हिचकॉकनं फर्मान काढलं की खेळ सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही. जाहिरातीची ती युक्ती होतीच, पण उशिरा येणाऱ्याला नायिका दिसलीच नसती हेही खरं.

त्याच १९६० साली, 'सायको'च्या दोन-एक महिने आधी, इंग्लंडमध्ये मायकल पॉवेलचा 'पीपिंग टॉम' आला. त्यातला खुनी कॅमेऱ्याच्या तिकाटण्यात पातं लपवतो आणि मरणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावरची भीती चित्रित करतो. म्हणजे बघणाराच खुनी. इंग्रज समीक्षकांनी पॉवेलची अशी काही साल काढली की त्याच्या मायदेशातल्या कारकिर्दीचं त्यातून भरून न येणारं नुकसान झालं. 'सायको'नं पैसा ओढला आणि त्याच्या दिग्दर्शकाला डोक्यावर घेतलं गेलं. दोन्ही चित्रपट आज पाहिले तर 'पीपिंग टॉम' जास्त प्रामाणिक वाटतो, असं आमचं मत आहे. प्रेक्षकाला तो नुसता घाबरवत नाही, तू इथे काय बघायला आलास असं विचारतो. ते कुणाला आवडणार?

मध्ये इटलीला धावती भेट देऊ. मोन्दादोरी या प्रकाशनानं १९२९ पासून रहस्यकथा पिवळ्या मुखपृष्ठांत छापल्या, म्हणून तिकडे अशा कथांना 'जाल्लो', म्हणजे पिवळा, म्हणू लागले. मारिओ बावा या छायाचित्रकार-दिग्दर्शकानं १९६४ आणि १९७१ मध्ये जे दोन चित्रपट केले, त्यांतून काळे हातमोजे, रंगीत प्रकाश आणि एकामागोमाग एक खुनांची मोजणी पुढच्यांनी उचलली. उचलली म्हणजे सरळ चोरली. १९७१ चा 'अ बे ऑफ ब्लड' आणि दहा वर्षांनी आलेला 'फ्रायडे द थर्टीन्थ'चा दुसरा भाग शेजारी ठेवून पाहा.

आता १९७४ वर येऊ. हे साल महत्त्वाचं आहे. त्या ऑक्टोबरमध्ये दोन चित्रपट आले, एक टेक्सासमधून, दुसरा कॅनडातून.

टेक्ससचा म्हणजे टोबी हूपरचा 'द टेक्सस चेनसॉ मॅसकर'. नाव ऐकून वाटतं रक्ताचे पाट वाहत असतील. प्रत्यक्षात त्यात रक्त फार थोडं दिसतं, बाकीचं आपल्या डोक्यात सांडतं. १९७३ च्या भर उन्हाळ्यात चित्रीकरण झालं. शेवटच्या जेवणाच्या प्रसंगासाठी बंद घरात, दिव्यांच्या उष्णतेत, सडत चाललेल्या मांसाच्या वासात मंडळी सलग सव्वीस-सत्तावीस तास काम करत होती. त्या नटांच्या चेहऱ्यावर जे दिसतं तो सगळाच अभिनय नाही. इतिहासाच्या दृष्टीनं बघण्यासारखं वेगळंच आहे. तरुणांची गाडी पंपावर थांबते, पंपावर पेट्रोल नाही. वाटेत भेटलेला माणूस सांगतो, कत्तलखान्यात नवीन यंत्र आलं, जुन्या हातांची कामं गेली. चित्रपट लोकांसमोर आला तोवर अरबांची तेलबंदी होऊन गेली होती आणि अमेरिकेनं पंपांवरच्या रांगा पाहिल्या होत्या. बेकार झालेलं कसायांचं कुटुंब आता माणसं कापतं. यात कुणाला रूपक दिसेल, आम्हांला तर सरळ बातमी दिसते.

कॅनडाचा चित्रपट म्हणजे बॉब क्लार्कचा 'ब्लॅक ख्रिसमस'. आपल्याकडे हा फार कमी लोकांना माहीत आहे. नाताळच्या सुट्टीत मुलींच्या वसतिगृहात घाणेरडे फोन येत राहतात. पोलीस आधी हसण्यावारी नेतात. मग फोन कुठून येतो ते शोधायला दूरध्वनी केंद्रातला माणूस यंत्रांच्या उंच रांगांमधून अक्षरशः पळतो, एकेक जोडणी डोळ्यांनी तपासत. आजच्या मुलांना तो प्रसंग दाखवला तर आधी हसू येतं, मग अंगावर काटा येतो. फोन त्याच घरातून येत असतो.

या चित्रपटाची नायिका जेस, ऑलिव्हिया हसीनं केलेली, गरोदर आहे आणि तिला गर्भपात करायचा आहे. प्रियकर विरोध करतो, आकांडतांडव करतो. ती शांतपणे सांगते की निर्णय झालेला आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा गर्भपाताच्या हक्काचा निकाल जानेवारी १९७३ चा, म्हणजे तेव्हा ताजा. हे कृपया लक्षात असू द्या. स्लॅशर चित्रपट शरीरसुख घेणाऱ्या मुलींना शिक्षा करतात, असं तुम्ही शंभर ठिकाणी वाचलं असेल. या परंपरेच्या अगदी मुळाशी असलेल्या चित्रपटात शेवटापर्यंत टिकते ती लग्नाआधी गरोदर असलेली, गर्भपात करायला निघालेली मुलगी आहे.

मग ही शिक्षेची समजूत आली कुठून? त्यासाठी १९७८ चा 'हॅलोवीन' पाहावा लागतो. आणि इथे आम्ही थोडं रेंगाळणार आहोत, कारण हा आमचा लाडका चित्रपट.

जॉन कार्पेंटर तेव्हा तिशीतला दिग्दर्शक. डेब्रा हिल ही निर्माती आणि सहलेखिका. पैसा, सुमारे तीन लाख डॉलर, उभा केला मुस्तफा अक्कादनं. हा मूळचा सीरियातल्या अलेप्पोचा. दोनच वर्षांपूर्वी त्यानं इस्लामच्या उदयावरचा 'द मेसेज' हा भव्य चित्रपट केला होता. ज्याच्या नावावर 'द मेसेज' त्याच्याच नावावर 'हॅलोवीन'ची मालिका. सिनेमाचा इतिहास असा असतो. २००५ मध्ये अम्मानच्या हॉटेलांत झालेल्या बॉम्बस्फोटांत अक्काद आणि त्याची मुलगी मरण पावले.

चित्रपटातलं गाव इलिनॉयमधलं, ऋतू पानगळीचा. प्रत्यक्ष चित्रीकरण कॅलिफोर्नियात, वसंत ऋतूत, चार आठवड्यांत. म्हणून कागदाची पानं रंगवली, रस्त्यावर पसरली, दृश्य झालं की गोळा करून पुन्हा पोत्यात भरली. बारकाईनं पाहिलंत तर मागे ताडाची झाडं दिसतात. मुखवटा दोन डॉलरच्याही आतला, 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा. डोळ्यांची भोकं मोठी केली, पांढरा रंग फासला, झालं! पण त्या पांढऱ्या चेहऱ्यावर काहीच भाव नाहीत, आणि काहीच नसणं हे कुठल्याही दातओठ खाण्यापेक्षा जास्त वाईट दिसतं.

संगीतासाठी वाद्यवृंद परवडणारा नव्हता. कार्पेंटरनं स्वतःच पियानो आणि सिंथेसायझरवर तीन दिवसांत ते केलं. चाल पाच मात्रांची आहे. लहानपणी वडिलांनी त्याला बोंगोवर शिकवलेली. झपताल ज्यांच्या कानात आहे त्यांना ती पटकन ओळखीची वाटेल, फक्त विभागणी वेगळी. आणि तरीही प्रत्येक आवर्तनात पाय चुकल्यासारखं होतं. संगीताशिवाय हा चित्रपट आधी एका कंपनीच्या अधिकारी बाईंना दाखवला होता, त्यांना अजिबात भीती वाटली नाही, असं कार्पेंटरनंच सांगितलं आहे.

पहिलाच प्रसंग घ्या. कॅमेरा म्हणजे खुन्याचे डोळे. घराभोवती फिरतो, स्वयंपाकघरात शिरतो, एक हात पुढे येतो आणि सुरा उचलतो. वर जाऊन एका तरुण मुलीला मारतो. मग मुखवटा निघतो आणि दिसतो सहा वर्षांचा मुलगा. आता गंमत अशी की सुरा उचलणारा तो हात डेब्रा हिलचा आहे, कारण छोटा नट शेवटच्या दिवशीच मिळणार होता. या चित्रपटात मुलींच्या गप्पाही मुख्यतः तिनंच लिहिल्या. स्त्रीद्वेष्टा म्हणून ज्या चित्रपटाला पुढे झोडपलं गेलं, त्यातला पहिला वार बाईच्या हातानं झालेला आहे. यावरून काही सिद्ध होतं असं आमचं म्हणणं नाही. पण गोष्ट सांगण्यासारखी आहे.

नायिका लॉरी झाली जेमी ली कर्टिस, जॅनेट लीची मुलगी. आई न्हाणीघरात मेली, मुलगी कपाटात लपून वाचली. निर्मात्यांनी हे नातं जाहिरातीसाठी हेरलं होतं हे उघड आहे. मुलीला मानधन मिळालं आठ हजार डॉलर, आणि चित्रपटानं नुसत्या अमेरिकेत चार कोटी सत्तर लाख कमावले.

लॉरीच्या मैत्रिणी प्रियकरांच्या नादात असतात आणि मरतात. लॉरी शेजाऱ्यांची मुलं सांभाळत असते, म्हणून वाचते. कार्पेंटरचं म्हणणं असं की त्या मुलींचं लक्ष नव्हतं, लॉरी एकटी होती म्हणून तिचं लक्ष होतं, एवढंच. आम्हांला ते बऱ्याच अंशी पटतं. पण ज्यांनी पैसे मोजले त्यांनी यातून एक सूत्र काढलं: शरीरसंबंध, मग सुरा. आणि ते सूत्र पुढे चालवलं.

चालवणारा पहिला गडी शॉन कनिंगहॅम. त्यानं १९७९ च्या उन्हाळ्यात 'व्हरायटी' या धंद्याच्या पत्रात 'फ्रायडे द थर्टीन्थ'ची भली मोठी जाहिरात दिली. तेव्हा त्याच्याकडे पटकथा तयार नव्हती, फक्त नाव होतं! मे १९८० मध्ये चित्रपट लागला, साडेपाच लाखांत तयार झालेला आणि जवळजवळ चार कोटी कमावून गेलेला. चित्रपट म्हणून तो सुमार आहे. आम्ही चाहते असूनही हे म्हणतो. त्यात खरी करामत टॉम सव्हिनीच्या रंगभूषेची. सव्हिनी व्हिएतनाममध्ये लष्कराचा छायाचित्रकार होता. कॅमेऱ्याच्या भिंगातून खरी प्रेतं पाहिलेला माणूस घरी परतून रबर आणि रंगातून खोटी प्रेतं बनवत होता, आणि त्याच युद्धाच्या बातम्या बघत वाढलेली पोरं ती पाहायला रांगा लावत होती. अमेरिकेतल्या कुठल्याही युद्धस्मारकाइतकंच हे आम्हांला बोलकं वाटतं.

आणखी एक. पहिल्या भागातली खुनी मधल्या वयाची आई आहे. तिचा मुलगा जेसन तळ्यात बुडाला, कारण लक्ष ठेवणारी मंडळी आपल्यातच दंग होती. हॉकीचा मुखवटा घातलेला जेसन तिसऱ्या भागात, १९८२ मध्ये, अवतरला. पहिल्या भागाचा पटकथाकार व्हिक्टर मिलर यानं पुढे लेखनाचे हक्क परत मिळावेत म्हणून दावा लावला. आपण पगारी नोकर नव्हतो, स्वतंत्र लेखक होतो, असं त्याचं म्हणणं. २०१८ मध्ये आणि मग अपिलात २०२१ मध्ये निकाल त्याच्या बाजूनं लागला. पण त्यानं लिहिला होता बुडालेला पोरगा. मुखवटेवाला धिप्पाड जेसन कुणाचा, यावरचा घोळ चालूच राहिला, आणि २००९ नंतर इतकी वर्षं नवा चित्रपट पडद्यावर आला नाही. बारा चित्रपटांत ज्याला कुणी कायमचं मारू शकलं नाही, त्याला वकिलांनी थांबवलं!

१९८० आणि १९८१ मध्ये मग लाट आली. पदवीदान, व्हॅलेंटाइन, वाढदिवस, शाळेचा नाच. पंचांगातला एक सण शिल्लक ठेवला नाही. जीन सिस्केल आणि रॉजर ईबर्ट या दूरचित्रवाणीवरच्या समीक्षक जोडीनं १९८० मध्ये एक अख्खा भाग या चित्रपटांच्या विरोधात केला. त्यांचा मुद्दा हाणामारीचा नव्हता. कॅमेरा खुन्याच्या डोळ्यांत बसवला की प्रेक्षक बाईच्या बाजूनं राहत नाही, मारणाऱ्याच्या बाजूचा होतो, असं ते म्हणत होते. आणि त्याच भागात त्यांनी 'हॅलोवीन'ची स्तुती केली, कारण तो आपल्याला लॉरीबरोबर ठेवतो. आजही हा भेद करायला कमी लोक तयार असतात.

याला उत्तर आलं अगदी अनपेक्षित दिशेनं. कॅरल क्लोव्हर या बर्कलीच्या विद्यापीठातल्या प्राध्यापिका, आणि त्यांचा मूळ विषय आइसलँडच्या मध्ययुगीन गाथा! त्यांनी १९८७ मध्ये एक निबंध आणि १९९२ मध्ये पुस्तक लिहिलं. 'फायनल गर्ल', शेवटी उरलेली मुलगी, हा शब्द त्यांचा. त्यांचं निरीक्षण असं: सुरुवातीला कॅमेरा खुन्याच्या डोळ्यांतून पाहतो हे खरं, पण जसजसा शेवट जवळ येतो तसा तो मुलीच्या बाजूला सरकतो. थिएटरात बसलेली बहुसंख्य पोरं शेवटी एका मुलीच्या जागी बसून घाबरतात, धावतात, उलटून वार करतात. ज्या चित्रपटांत पुरुषांनी स्वतःला बाईच्या जागी ठेवून पाहावं, असे चित्रपट त्या काळी किती होते?

आम्हांला क्लोव्हरबाईंचं म्हणणं मोलाचं वाटतं, तरी एक खटका राहतो. 'लाट' म्हणून जे चित्रपट आले त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी शेवटच्या मुलीची पाच मिनिटं येईपर्यंत बाकीच्या मुलींची ऐंशी मिनिटं बघावी लागतात, आणि त्या ऐंशी मिनिटांचीच तिकिटं विकली जात होती. आणि पडद्यामागचं काय? १९८१ चा 'द बर्निंग' हा लाटेतलाच एक चित्रपट. त्याचा निर्माता हार्वी वाइनस्टीन, कारकिर्दीच्या सुरुवातीचा. पुढे १९९६ चा 'स्क्रीम' आणला तोही वाइनस्टीन बंधूंच्याच कंपनीनं. 'स्क्रीम'मध्ये काम केलेल्या रोझ मॅकगोवन यांनी २०१७ मध्ये हार्वीवर बलात्काराचा आरोप जाहीरपणे केला. इतर स्त्रियांच्या तक्रारींवरून झालेल्या खटल्यांत ज्यूरीनं त्याला दोषी ठरवलं. पडद्यावरच्या रबरी सुऱ्याबद्दल दोन दशकं वाद घालणाऱ्या कुणालाही, समर्थकांना आणि विरोधकांनाही, कचेरीच्या बंद दारामागचं दिसलं नाही. या चित्रपटांवरच्या पुस्तकांत हे प्रकरण वेगळं ठेवण्याची पद्धत आहे. आम्हांला ते वेगळं ठेवता येत नाही.

इंग्लंडमध्ये तर सरकारच या भांडणात उतरलं. घरोघरी व्हिडिओ आले, कॅसेटींना सेन्सॉर नव्हता, वर्तमानपत्रांनी रान उठवलं. फिर्यादी खात्याच्या यादीवर वेगवेगळ्या वेळी मिळून ७२ चित्रपट होते. दुकानांवर छापे पडले, एका वितरकाला तुरुंगात जावं लागलं, आणि १९८४ मध्ये व्हिडिओचा कायदा झाला. बंदीचा परिणाम नेहमीचाच झाला. ज्या चित्रपटांना कुणी विचारलं नसतं त्यांचे चौथ्या पिढीतले, मुंग्या आलेले कॅसेट हातोहात फिरले.

त्याच १९८४ मध्ये वेस क्रेव्हनचा 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट' आला. आग्नेय आशियातून अमेरिकेत आलेले काही ह्मोंग निर्वासित तरुण झोपेतच मरत असल्याच्या बातम्या क्रेव्हननं वाचल्या होत्या. त्यातून फ्रेडी आला, जो स्वप्नात येऊन मारतो. न्हाणीघर, वसतिगृह, शेजाऱ्याचं घर, आणि आता झोप. लपायला शेवटची जागाही गेली.

मागच्या रांगेतून चिठ्ठी आली आहे: 'आपल्याकडे असे चित्रपट का झाले नाहीत?' झाले, पण त्यांची तऱ्हा वेगळी झाली. हिंदीत रॅमसे बंधूंनी १९७२ च्या 'दो गज जमीन के नीचे'पासून भीतीचं दुकान मांडलं, पण त्यांचा ओढा वाडा, शाप आणि सैतान यांच्याकडे होता. फ्रेडीसुद्धा त्यांनी 'महाकाल'मध्ये आणला तो तांत्रिक बनवून. आणि मराठीत, मंडळी, तुम्ही सगळ्यांनी एक स्लॅशर पाहिलेला आहे! महेश कोठारे यांचा १९९३ चा 'झपाटलेला'. १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले'मध्ये मरणारा गुंड मंत्रानं बाहुल्यात शिरतो. इथे तात्या विंचू तेच करतो. तिकडचा चकी रक्तपात करत सुटतो. इकडे दिलीप प्रभावळकरांचा आवाज आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांची धांदल यांनी भीतीला हसू चिकटलं. आणि बाहुला हलवला रामदास पाध्ये यांनी. अर्धवटराव ज्या घरांना माहीत होता त्यांना बोलणारा बाहुला परका नव्हता, म्हणूनच तो दुष्ट झाल्यावर पोरं जास्त घाबरली. नव्वदच्या दशकात वाढलेल्या कितीतरी मराठी मुलांनी घरातल्या बाहुल्या कपाटात कोंडल्या आहेत. इथे काही जण हसताहेत, म्हणजे आमचा अंदाज बरोबर.

पण चिठ्ठीचं खरं उत्तर याहून गंभीर आहे. 'हॅलोवीन' येण्याच्या आधीच, जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात, पुण्यानं ते प्रत्यक्ष भोगलं होतं. जोशी-अभ्यंकर खून खटला. दहा माणसं मारली गेली, त्यांतली बरीचशी स्वतःच्या घरात. मारणारे कलामहाविद्यालयात शिकणारे तरुण. दिवस आणीबाणीचे. संध्याकाळ झाली की पेठांमधले रस्ते ओस पडत, दारं आतून लागत, ओळखीच्या हाकेलाही कडी काढायला लोक बिचकत. नोव्हेंबर १९८३ मध्ये येरवड्यात चौघांना फाशी झाली. आणि १९८६ मध्ये राजदत्त यांनी त्यावर चित्रपट केला, नाना पाटेकर यांना घेऊन. त्याचं नाव बघा: 'माफीचा साक्षीदार'. आपल्या लोकांना त्या प्रकरणात सुरा, मुखवटा, पाठलाग यांपेक्षा कोण फुटला, कुणी कबूल केलं, न्यायालयात काय झालं, हे जाणून घ्यायचं होतं. ज्या शहरात मेलेल्यांचे नातेवाईक शेजारीच राहतात तिथे मुखवट्याचा खेळ करता येत नाही. अमेरिकेत एड गीनच्या गावापासून हॉलिवूड दीड हजार मैलांहून लांब होतं. पुण्यात ते अंतर नव्हतं.

आता अलीकडचं, थोडक्यात. 'स्क्रीम'नं काय केलं ते सर्वांना माहीत आहे. त्यातली मुलं स्वतःच हे चित्रपट पाहिलेली आहेत, नियम पाठ म्हणतात आणि तरी मरतात. पहिल्या दहा-बारा मिनिटांत ड्रू बॅरीमोरला मारून क्रेव्हननं हिचकॉकचंच देणं फेडलं. त्यानंतर मात्र बरीच वर्षं नुसता शहाणपणा माजला. सगळेच डोळे मिचकावू लागले की भीती कुणाला वाटणार?

२०१८ च्या 'हॅलोवीन'मध्ये चाळीस वर्षांनी आजी झालेली लॉरी पाहताना आम्हांला बरं वाटलं. चित्रपट मध्यम आहे, पण एक गोष्ट त्यात पहिल्यांदा नीट सांगितली गेली: वाचलेल्या मुलीचं पुढे काय होतं. तिला झोप लागत नाही, संसार मोडतो, मुलगी दुरावते. टी वेस्टचा २०२२ चा 'एक्स' त्याहून सरस. काळ १९७९ चा, जागा टेक्सस, आणि शेवटची मुलगी व खुनी म्हातारी या दोन्ही भूमिका मिया गॉथ या एकाच नटीनं केलेल्या. मारणारी बाई तरुणीकडे द्वेषानं पाहते, त्यात स्वतःचं गेलेलं वय असतं.

'टेरिफायर'बद्दल तुम्ही विचाराल, म्हणून आधीच सांगतो. तिसरा भाग २०२४ मध्ये वीस लाखांच्या आसपास तयार झाला आणि पहिल्याच आठवड्याअखेरीस अमेरिकेत अव्वल ठरला. रंगभूषा अचाट. पण तिथे मरणारा माणूस मरायच्या आधी माणूस म्हणून आपल्याला भेटतच नाही, आणि मग कारागिरीचं प्रदर्शन पाहून बाहेर पडल्यासारखं होतं. त्याच वर्षीचा ख्रिस नॅशचा 'इन अ व्हायलंट नेचर' मात्र जरूर पाहा. कॅमेरा जवळजवळ पूर्ण वेळ खुन्याच्या पाठीमागून चालतो. जंगल, पानांचा आवाज, पक्षी, पार्श्वसंगीत नाही. तरुणांच्या शेकोटीभोवतीच्या गप्पा लांबून, अर्धवट ऐकू येतात. सिस्केल आणि ईबर्ट यांची तक्रार जशीच्या तशी घेऊन त्यानं दीड तास ताणली आहे, आणि चमत्कार असा की खुन्याच्या इतक्या जवळ राहूनही आपण त्याचे होत नाही. शेवटची दहा मिनिटं कॅमेरा त्याला सोडतो आणि वाचलेल्या मुलीबरोबर एका अनोळखी बाईच्या गाडीत बसतो. ती बाई बोलत राहते, मुलगी खिडकीतून झाडीकडे बघत राहते. झाडीत काहीच नाही. आम्ही तो भाग श्वास रोखून पाहिला.

दुसरी चिठ्ठी आहे, सुरुवात कुठून करू? 'ब्लॅक ख्रिसमस'पासून करा, मग 'हॅलोवीन'. 'पीपिंग टॉम' सावकाश, मनाची तयारी झाल्यावर. 'फ्रायडे द थर्टीन्थ' मित्रांबरोबर, चहाभजी घेऊन. आणि 'झपाटलेला' घरातल्या लहानग्यांना दाखवणार असाल तर आधी बाहुल्या मोजून ठेवा. आता वेळ संपली आहे, बाकीचे प्रश्न बाहेर चहाच्या टेबलाशी बोलू.